चोविसावा दिवस

आपण खरोखर आजारी आहोत हे कळल्यावर शाल्मली हणबर इतक्या मोठ्याने हसली, की बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका दाराकडे पाहू लागल्या.

"पुन्हा दाखवा," ती म्हणाली.

डॉ. रझिया मुजावर यांनी पडद्यावरचा आलेख पुन्हा पहिल्या दिवसापासून सरकवला. शेवटचे छप्पन्न दिवस, दोन पूर्ण चक्रे. खात्याने वर्षापूर्वी दिलेल्या, दंडावर चिकटवलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या चकतीने तासातासाला केलेल्या नोंदी. निळी रेघ एखाद्या सभ्य टेकडीसारखी चढत-उतरत होती. लाल रेघ मात्र दोन्ही चक्रांत अठराव्या दिवशी डोके वर काढून, चोविसाव्या दिवशी कड्याच्या टोकाला पोहोचून, पाळी सुरू होताच दोन दिवसांत कोसळत होती.

"निळी म्हणजे तुमची संप्रेरकं. ती माझ्यासारखीच आहेत, शेजारणीसारखीच आहेत. लाल म्हणजे तुमचा मेंदू त्यांना काय उत्तर देतो ते. गोंधळ आवाजात नाही, ऐकणाऱ्यात आहे."

"म्हणजे मी नाटकी नाही."

"नाटकी असाल, मला काय माहीत! पण हे नाटक नाही."

शाल्मली पुन्हा हसली आणि मग तिला रडू आले. आज चक्राचा नववा दिवस होता. रडण्याला कोणतेही वैद्यकीय कारण नव्हते.

या रेघेपर्यंत पोहोचायला मानवजातीला बराच वेळ लागला, कारण मानवजात इतर कामांत गुंतलेली होती. जुन्या ग्रीक वैद्यांनी गर्भाशय हा शरीरभर भटकणारा प्राणी मानला आणि अनेक शतके त्याचा पाठलाग केला. एकोणीसशे एकतीस साली एका डॉक्टरने पाळीपूर्व ताणाला नाव दिले, आणि त्या नावाचा सर्वाधिक उपयोग पुढची अनेक दशके विनोदांत झाला. तपासणीत काही सापडत नसे, कारण जे तपासले जाई त्यात काही बिघडलेलेच नव्हते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे एक द्रव्य तयार होते. ते चेतापेशींवरच्या 'गाबा' नावाच्या कुलपांत किल्लीसारखे बसते आणि बहुतेकींना शांत करते. काहींच्या मेंदूतली कुलपे मात्र दरमहाच्या या चढउताराशी जुळवून घेत नाहीत. मग तीच किल्ली उलटी फिरते, आणि शामक म्हणून आलेले द्रव्य चीड, भीती, निद्रानाश आणि अकारण रडे घेऊन येते. निदानाचा प्रामाणिक मार्ग एकच होता. दोन चक्रे, रोजच्या रोज नोंद, आणि आठवणीवर पूर्ण अविश्वास. आठवण ही निष्कर्षाची मिंधी असते. चकतीने एवढेच केले, की नोंद करणाऱ्याचे मत नोंदीतून काढून टाकले.

"चौदाव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत रोज एक गोळी," डॉक्टर म्हणाल्या. "किल्ली उलटी फिरणार नाही. झोप, व्यायाम सांभाळा. आणि कुणी नुसतं ओव्याचं पाणी सुचवलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. त्याला तपासायचं आहे."

लाल रेघेच्या त्या दिवसांत शाल्मलीने नऊ वर्षांच्या लेकीच्या वहीचे पान फाडले होते. एकदा घाटात जीप थांबवून दहा मिनिटे स्टिअरिंगवर डोके टेकले होते, आणि त्या दहा मिनिटांत तिला जे सुचले होते ते तिने कोणालाही सांगितले नव्हते. अडतीस वर्षांच्या वयात प्रथमच त्या दहा मिनिटांना एक रेघ मिळाली होती. ती दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरली.

*

दोनच दिवसांनी त्या रेघेचा दुसरा वापर समोर आला.

शाल्मली धरण सुरक्षा विभागात सहायक अभियंता होती. तिच्याकडे चार मातीची धरणे होती; दर सोमवारी एक, असा फेरा. तांबकडा धरणाचा सोमवार चौथा. हिरडी नदीवरच्या या धरणाची उंची नुकतीच दोन मीटरने वाढवली होती आणि येत्या काही आठवड्यांत जोडकालव्याचे पाणी सोडून ते प्रथमच काठोकाठ भरायचे होते. पायथ्याशी माळेवडगाव होते, चार हजार वस्तीचे.

मातीचे धरण पाझरतेच. पाझराचे पाणी स्वच्छ असेल तर धरण नीट चालले आहे. ते गढूळ असेल तर पाणी आतून माती घेऊन येत आहे, म्हणजे धरण स्वतःला पोखरत आहे. शाल्मलीने गेल्या पाच फेऱ्यांत, पाचही वेळा, तांबकड्याच्या नोंदीत एकच शब्द लिहिला होता, 'गढूळ'. तिथले स्वयंचलित यंत्र पाणी किती येते ते मोजत होते. कसे येते ते मोजणाऱ्या यंत्राची फाईल तीन वर्षे मंजुरीच्या वाटेवर होती.

"बस, शाल्मली," अधीक्षक अभियंता वैजयंती सरनोबत म्हणाल्या. चोपन्न वर्षांच्या या बाईंनी खात्यातल्या स्त्रियांसाठी खरोखर खस्ता खाल्ल्या होत्या. चकत्या मोफत वाटणारी 'ऋतुसंवेदी कार्यनियोजन' योजना त्यांचीच. "निदान झालं, औषध मिळालं. मला किती बरं वाटलं सांगू!"

"मलाही, मॅडम."

"आता हे बघ."

भिंतीवरच्या पडद्यावर शाल्मलीचे वर्ष उलगडले. प्रत्येक महिन्यात एक लालसर पट्टा, योजनेच्या भाषेत 'संवेदनशील खिडकी'. तांबकड्याचे पाच प्रतिकूल शेरे पाच काळ्या ठिपक्यांनी दाखवले होते. पाचही पट्ट्यांच्या आत. पाचही चोविसाव्या दिवशी.

"ही माझी माहिती तुमच्याकडे कशी?"

"संमतीपत्रात आहे. अकरावा चौकोन." सरनोबतांचा आवाज मऊ होता. "कुणी तुला दोष देत नाहीये. उलट, हे तुझं संरक्षण आहे. खिडकीतल्या प्रतिकूल शेऱ्याची दहा दिवसांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरपडताळणी होते. गिरमे पाचही वेळा जाऊन आले. त्यांना पाणी स्वच्छ दिसलं. आता तू शांतपणे ते शेरे मागे घे. भरणी पंचवीस तारखेला, गुरुवारी. तुझा शेवटचा फेरा त्याच्या तीन दिवस आधी आहे, तेव्हा सांग."

"आणि नाही घेतले तर?"

"तर नियमानुसार ते आपोआप रद्द होतील. पण तुझ्या नावापुढे 'रद्द' लागलेलं मला आवडणार नाही." त्या पुढे झुकल्या. "शाल्मली, मी तुझ्या बाजूची आहे."

ही गोष्ट खरी होती, आणि म्हणूनच तिच्याशी भांडणे अवघड होते. शाल्मली त्या पाच ठिपक्यांकडे पाहत राहिली. ती मोजमापावर विश्वास ठेवणारी बाई होती. पाचपैकी पाच. दुसऱ्या कोणाचा असा आलेख समोर आला असता तर तिने स्वतः काय निष्कर्ष काढला असता?

तोच.

*

तिचा नवरा निषाद कॉलेजात भूगोल शिकवत असे. गेली बारा वर्षे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो तिच्या वाईट दिवसांना पेन्सिलीने बारीक ठिपके देत आला होता. ठिपक्यांच्या दिवसांत तो लेकीला, रेवाला, बॅडमिंटनला नेई, जेवण बाहेरून मागवी, आणि शाल्मली जे म्हणेल त्याला "बरं" म्हणे. सकाळी चहा देताना हळूच विचारी, "आज कितवा दिवस?" मैत्रिणी त्याला देवमाणूस म्हणत. बारा वर्षांत त्याने तिच्या एकाही रागाला उत्तर दिले नव्हते; पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभे राहणाऱ्या माणसासारखा तो वाट पाहत असे.

गोळ्या सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. शनिवार, बाविसावा दिवस. शाल्मली शांत झोपून उठली होती. चकतीची लाल रेघ सपाट होती.

"मागे घे ना ते शेरे," निषाद पोहे परतता परतता म्हणाला. "कशाला वाढवतेस?"

"पाणी गढूळ होतं, निषाद."

"त्या दिवसांत मीसुद्धा तुला गढूळच दिसायचो."

वाक्य इतके चांगले होते की तिला राग यायला दोन सेकंद लागले. पण राग आला. नेहमीचा, कवटीत काच फुटल्यासारखा राग नव्हे. हा राग सावकाश, पूर्ण वाक्यांत आला.

"बारा वर्षं तू माझ्याशी भांडला नाहीस. तुला वाटतं ती माया होती?"

"मग काय होतं?"

"सुट्टी होती. मी जे बोलेन ते ऐकण्यापासून महिन्यातून दहा दिवस सुट्टी. मागच्या वर्षी मी म्हटलं, रेवाची शाळा बदलू या. तू बरं म्हणालास आणि ठिपके संपायची वाट बघितलीस. शाळा तीच आहे!"

"कारण ठिपके संपल्यावर तू पुन्हा म्हणाली नाहीस!"

"कारण तोवर मलाच लाज वाटायची!"

"मग ती माझी चूक? तू ताट फेकलंस तेव्हा मी काय करायचं होतं, शाल्मली, चर्चा?" निषादचा आवाज चढला. उलथने कढईवर आपटले. "घाबरायचो मी! रेवाही घाबरायची!"

पोहे करपले. शाल्मली आश्चर्याने त्याच्याकडे पाहत होती. त्याचे कान लाल झाले होते. तो भांडला होता. आणि तो म्हणाला ते खरे होते. तिने म्हटले तेही खरे होते. बाविसाव्या दिवशी एका घरात दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि कोणीही कोसळले नव्हते.

"ताटाबद्दल मला माफ कर," ती म्हणाली. "शाळेबद्दल नाही."

"शाळेचं बघू," निषाद कढई खरवडत म्हणाला, आणि मग, स्वतःच चकित होऊन, "म्हणजे खरंच बघू."

आजार वजा झाला होता, आणि तरी बाकी शून्य आली नव्हती. काहीतरी उरले होते आणि ते तिचे होते. मग त्या पाच शेऱ्यांतून आजार वजा केला, तर काय उरेल?

*

सोमवारी सकाळी ती तांबकड्याला पोहोचली. चोविसावा दिवस, सपाट रेघ. धरणाच्या पायथ्याशी पाझराचे पाणी एका सिमेंटच्या चरातून व्ही-नॉचवर, म्हणजे पत्र्यातल्या मोजणीच्या खाचेवर, येत होते. ती चरात उतरून वाकली. पाण्यात किंचित दुधाळपणा होता. की होता असे तिला वाटत होते? पाच वेळा 'गढूळ' लिहिलेल्या डोळ्यांवर सहाव्या वेळी किती भरवसा ठेवायचा?

"गिरमे साहेब कुठून बघतात, तातोबा?"

तातोबा चौगुले हा तिथला मोजणीदार. चाळीस वर्षे नोकरी, दोन महिन्यांत निवृत्ती. त्याने पायऱ्यांच्या माथ्याकडे बोट दाखवले. "तितनं. बूट वलं हुत्यात न्हवं."

"तुम्हाला काय वाटतं? गढूळ आहे?"

"मला काय वाटायचं, म्याडम? वाटायचं काम सायबांचं. मी आपला बाटली भरतो."

"कसली बाटली?"

तातोबाने तिला मोजणीच्या खोलीत नेले. खिडकीच्या फळीवर देशी दारूच्या रिकाम्या चपट्या बाटल्या एका रांगेत उभ्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या. प्रत्येकीवर पिठाच्या खळीने डकवलेली कागदाची चिठ्ठी आणि तारीख.

"पिणारं गाव हाय, बाटल्यांना काय तोटा? स्वच्छ धुऊन घेतो, बरं का," तो घाईने म्हणाला. "माजं पयलं इंजिनेर सायेब हुतं, त्येनी सांगितल्यालं. दर सोमवारी बाटली भरायची, हलवायची न्हाई, फुडल्या सोमवारी तळ बगायचा, मग वतून द्यायची. चाळीस वर्सं वतत आलो. औंदा तळाला माती दिसाय लागली, मग वताय हात धजंना."

"दर सोमवारी?" शाल्मली गर्रकन वळली. "माझ्याच सोमवारी नव्हे?"

"आवो, सोमवार का तुमचा एकटीचा हाय? एक चुकला तर रांग मोडतीया."

तिच्या डोक्यात काहीतरी लखकन उजळले. ती स्टुलावर बसली आणि स्वतःलाच शिव्या द्याव्यात तशी हसू लागली. चार धरणे, चार सोमवार, अठ्ठावीस दिवस. आणि तिचे चक्र? अठ्ठावीस दिवस! ती तांबकड्याला चोविसाव्या दिवशीच येत होती, कारण वेळापत्रकाने तिला दुसऱ्या कोणत्याही दिवशी येऊच दिले नव्हते. रोज फक्त भर दुपारी दाराबाहेर डोकावणाऱ्याला रात्र ही अफवाच वाटणार. किती अंतराने मोजता त्यावर काय दिसते हे ठरते, हा धडा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असतो. सरनोबत मॅडम तो शिकल्या होत्या, गिरमे शिकले होते, तिने स्वतः त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि एका बाईचा राग समोर येताच तिघेही पदवीधर तो विसरले होते.

"तातोबा, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"आदी कागदावर रकाना हुता, 'तळाची माती'. फारम मोबाईलवर ग्येला तवा रकाना ग्येला. रकाना न्हाई तर लिवायचं कुटं?"

आता घाई करायची नव्हती. डॉक्टरांच्या चकतीने जे केले तेच करायचे होते, पाहणाऱ्याचे मत नोंदीतून काढून टाकायचे. तिने तातोबाला सर्व चिठ्ठ्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितले आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. तातोबाने गाळ न ढवळता, लहान मूल उचलावे तशा वीस बाटल्या उचलून त्यांची रांग विसकटली. मग शाल्मली आत आली. तारीख माहीत नाही, पातळी माहीत नाही, स्वतःचा दिवस माहीत नाही. तिने पट्टी घेऊन फक्त तळाचा गाळ मोजला आणि कमी-जास्त अशी रांग लावली. एका टोकाला केसाइतकी रेषा, दुसऱ्या टोकाला काडीपेटीतल्या काडीएवढा थर.

"काढा पट्ट्या."

तातोबा तारखा वाचू लागला. पहिली. दुसरी. तिसरी. सातवी आणि आठवी तेवढ्या उलट. बाकी सगळ्या, एकामागोमाग एक, आठवड्याला आठवडा लागून. तिच्या चौथ्या सोमवारी गाळ होता. ती इथे नसतानाच्या तीन सोमवारीही होता. गिरमेंनी 'स्वच्छ' लिहिले त्याच्या आधीच्या सोमवारी होता आणि नंतरच्याही. गाळाला चक्र नव्हते. तो फक्त वाढत होता.

विसावी चिठ्ठी वाचून झाल्यावर तातोबाने टोपी काढली.

"म्याडम, खाली माजी लेक ऱ्हाती. माळेवडगावात."

"एकविसावी बाटली भरा," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही."

*

मंगळवारी अकरा वाजता मंडळ कार्यालयाच्या सभागृहात दारूच्या एकवीस बाटल्या मांडल्या गेल्या. मांडीवर पेटी घेऊन जीपमधून आलेला तातोबा दारापाशी उभा राहिला. गिरमेंनी घसा खाकरला. "पार्टी कुणाची?"

"तुमचीच, सर," शाल्मली म्हणाली. "यातल्या दहा तुमच्या पाच भेटींच्या आधीच्या-नंतरच्या आहेत."

सरनोबत मॅडमनी पडद्याकडे पाहिले. शाल्मलीच्या नावाभोवती लालसर चौकट होती. औषध सुरू असल्याचा रकाना प्रणालीत नव्हता.

"शाल्मली, तू शेरे मागे घ्यायला आली आहेस ना? कारण आज पंचविसावा दिवस आहे. तुझी खिडकी लाल आहे."

"हो, मॅडम. माझी आहे. बाटल्यांची नाही."

तिने चार मिनिटांत सांगितले. आवाज चढला नाही. अठ्ठावीस आणि अठ्ठावीस हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी "अरे देवा" म्हटले.

"पातळी वाढली की पाझर वाढणारच," गिरमे म्हणाले.

"पाझर वाढू दे. माती का वाढते?"

गिरमे बाटल्यांवरच्या तारखा वाचू लागले.

"एक विचारू, सर? तुम्ही पाच वेळा 'स्वच्छ' लिहिलंत. त्या दिवशी तुम्ही कसे होतात? झोप झाली होती? घरी भांडण? घाई? कुणी पडताळलं?" ती सर्वांकडे वळली. "प्रतिकूल शेऱ्याची फेरपडताळणी आहे. अनुकूल शेऱ्याची कुठल्याच नियमात नाही. मी आजारी होते, मॅडम. खरंच होते. ताटं फेकली मी. पण पाणी त्या दिवशीही गढूळ होतं. आजारी माणसाला खरं दिसूच शकत नाही, हे कुठल्या चकतीनं मोजलं?"

सरनोबत उठल्या. टेबलाच्या कडेने चालत त्यांनी एकेक बाटली पाहिली. मध्येच एका चिठ्ठीपाशी थबकल्या. त्या तारखेला त्या स्वतः मंत्र्यांसोबत तांबकड्याला गेल्या होत्या आणि धरण उत्तम स्थितीत असल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगून आल्या होत्या. पन्नाशीनंतर त्यांची खिडकी प्रणालीत कायमची हिरवी होती. त्यांनी वाकून बाटलीचा तळ पाहिला.

मग त्यांनी फोन उचलला. "जोडकालव्याचं गुरुवारचं पाणी रद्द. आणि तांबकड्याची दारं आज उघडा. पातळी रोज वीस सेंटिमीटर उतरवा, त्याहून घाई नको. माळेवडगावात माणूस पाठवा." फोन ठेवून त्या पडद्याकडे वळल्या. "ती चौकट काढा आधी."

"कशी काढायची, मॅडम?" संगणकावरचा मुलगा म्हणाला. "तसा पर्याय नाही."

"मग वीज बंद कर!"

*

शुक्रवारी दुपारी ड्रिलिंगचा पहिला अहवाल आला. जुन्या नळमार्गाच्या कडेने, भरावाच्या आत, माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल अशी पोकळी सापडली होती. काठोकाठ भरले असते तर धरण किती दिवस टिकले असते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद होते. ते टिकले नसते याविषयी नव्हते.

शाल्मली घरी आली तेव्हा निषाद नव्या शाळेचा फॉर्म भरत होता आणि दुसऱ्या पानावर कोणत्या भाषेचा आग्रह धरायचा यावरून रेवाशी हुज्जत घालत होता. त्याने चहा पुढे केला, आणि बारा वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेले,

"आज कितवा दिवस?"

मग त्याने जीभ चावली.

"चौथा," शाल्मली म्हणाली. "तांबकड्याचं पाणी ऐंशी सेंटिमीटर उतरलं."

निषादने तिच्याकडे पाहिले. मग उठून पेन्सिल घेतली, आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात, ठिपका जिथे असायचा तिथे, नीट आकड्यात ऐंशी लिहिले.